आबांच्या दहाव्याचा कार्यक्रम

माझा आजवरचा सगळ्यात रंगलेला कार्यक्रम माझ्या वडिलांच्या दहाव्याला झाला. तो ठरवून केलेला नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. कारण आमच्या भावकीतल्या काही मंडळींना अजून तसा संशय आहे.

मी त्या वेळी सोलापुरातल्या एका मिलच्या टाइम ऑफिसात कारकून होतो आणि उरलेल्या वेळात एकपात्री कार्यक्रम करीत असे. एकपात्री म्हणजे एकट्यानंच उभं राहायचं, चार-पाच जणांचे आवाज काढायचे, आणि लोक हसले नाहीत तर शिव्याही एकट्यानंच खायच्या! गणपतीच्या मांडवात, मिलच्या संमेलनात, कुणाच्या पूजेला, बोलावतील तिथं मी जायचो. पण माझ्या सगळ्या गोष्टींत चालायची ती एकच: 'आमचे आबा'.

आबा म्हणजे माझे वडील. मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर म्हणजे मुकादम होते. तीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात ओरडून ओरडून त्यांचा आवाज असा झाला होता की त्यांनी घरात मीठ मागितलं की शेजारची बाई वाटी घेऊन दारात हजर! तो आवाज मी हुबेहूब काढत असे. (बापाचा हा एवढाच गुण उचललास, असं आई म्हणायची.) गोष्टीचा शेवट ठरलेला होता. घरी पाहुणे येतात, आठ दिवस झाले तरी जायचं नाव काढत नाहीत. शेवटी आबा आईला आत बोलावतात आणि अगदी गुपचूप तिच्या कानात विचारतात, "ह्ये पावणं जानार कवा?" हे 'कानात' मी आबांच्या खऱ्या आवाजात म्हणायचो. पुढच्या रांगेतली बाळं दचकून रडायला लागायची आणि मागची माणसं मांड्या थोपटून हसायची.

आबांनी हा कार्यक्रम कधी पाहिला नाही. निदान मला तसं वाटत होतं. घरात विषय निघाला की ते म्हणायचे, "गडी मानूस हायस का कोन? गडी मानसानं घाम गाळावा. लोकांनी दात काढावंत म्हनून थोबाड वाकडं करायचं, ह्ये काय गड्याचं काम हाय व्हय?"

गडी माणसाची आबांची व्याख्या सोपी होती. गडी माणसानं कुणाला हसवायचं नाही, स्वतः रडायचं नाही आणि चुलीकडं फिरकायचं नाही. मी सात वर्षांचा असताना भिंतीवरून पडलो आणि हात मोडला. डॉक्टर हाड ओढून बसवत होते तेव्हा आबा त्यांना अभिमानानं सांगत होते, "बगा की, रडतंय का? न्हाय रडायचं त्ये. माजं हाय." आता एवढं म्हटल्यावर रडतो कसा? मी ओठ दाबून बसलो. तेव्हा जे आत अडकलं ते तिथंच राहिलं.

तर असे हे आबा एका रविवारी दुपारी जेवून आडवे झाले आणि पुन्हा उठले नाहीत.

मी रडलो नाही. घरात नाही, स्मशानात नाही, राख सावडतानाही नाही. लोक कौतुकानं म्हणू लागले, "थोरला लई घट्ट हाय." मी घट्ट वगैरे काही नव्हतो. मी दमलो होतो. दुष्काळाचं साल, नळाला दिवसाआड पाणी, आणि आमच्या दोन खोल्यांत गावाकडची, मोडनिंबची अकरा माणसं. त्यांचे म्होरके तात्या, म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. मी पहाटे उठून घागरी भरायचो, मग चहा, मग भेटायला येणाऱ्यांना 'कसं झालं' ते पहिल्यापासून सांगायचं, की परत चहा. रडायला जरा बाजूला जावं, तर बाजूलाही पाहुणे होते! पण खरं सांगतो, आतून मला भीती वाटायला लागली होती. बाप गेला आणि डोळ्यांत टिपूस नाही. आपल्यात काहीतरी कमी आहे, असं राहून राहून वाटायचं.

अशा थकल्या अंगानं मी दहाव्या दिवशी सकाळी किल्ल्याशेजारच्या तळ्याच्या घाटावर बसलो. डोकं तुळतुळीत, अंगावर ओला पंचा. पिंड मांडून झाले. आईनं पत्रावळीवर आबांच्या आवडीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. तात्यांनी हळूच एक विडीही ठेवली. आता कावळा पिंडाला शिवला की सुटलो. कावळा शिवला नाही तर गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली असं समजायचं, आणि ती ओळखून, पुरी करतो म्हणून मोठ्यानं कबूल करायचं. ओळखली की कावळा येतो.

आमच्या शेजारीच एका तेलुगू विणकर घराण्याचं दहावं चाललं होतं. त्यांचा नव्वदीचा म्हातारा गेला होता. त्यांनी पिंड ठेवले, मागं सरकले, आणि मिनिटाच्या आत पाच कावळे! रांगच लागली म्हणा ना. आमच्या पिंडाकडं मात्र कावळे लांबूनच बघत होते, बघून मान फिरवत होते. माणसं दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढत होती आणि या कावळ्यांना ताजा भात नको होता!

अर्धा तास गेला.

"दादाची इच्छा ऱ्हायली," तात्या म्हणाले. "बोला, ज्याला जे सुचंल ते बोला."

माझी धाकटी बहीण सुशी पुढं आली. "आबा, मी औंदा अकरावी पास हुईन!" (ती तिसऱ्यांदा बसत होती.) कावळा जागचा हलला नाही. त्यालाही ते खरं वाटलं नसावं.

मग तात्यांनी सूत्रं हातात घेतली. लिंबाच्या झाडाकडं तोंड करून ते ओरडले, "दादा, आमच्या बाळ्याला दत्तू मिलमदी चिकटवंल बरं का! तू काय काळजी करू नगंस!"

दत्तू म्हणजे मी. बाळ्या म्हणजे तात्यांचा मुलगा.

"तात्या, आबांनी बाळ्याची काळजी कधी केली होती?" मी हळूच विचारलं.

"गप ऱ्हा. मेलेल्या मानसाच्या मनातलं तुला काय कळतंय?" तात्यांनी पुन्हा झाडाकडं तोंड केलं. "दादा, दत्तू वर्साच्या आत लगीन करंल! माज्या मेव्हनीची पोरगी करंल!"

(त्या पोरीला विचारलं नव्हतं. मलाही नाही.) झाडावरचा एक कावळा उडाला आणि तळ्यापलीकडं निघून गेला.

"बघा, हालला!" तात्या म्हणाले. "म्हंजे जवळपास आलोय आपन." त्यानंतर माझ्या नावानं काय काय कबूल झालं त्याला गणती नाही. मी तात्यांच्या विहिरीवर इंजिन बसवणार होतो, मोडनिंबला मारुतीच्या देवळाची फरशी करणार होतो आणि तात्यांच्या गुडघ्यावर मिरजेला जाऊन इलाज करवणार होतो. दहा दिवसांपूर्वी गेलेल्या माझ्या वडिलांना धाकट्या भावाच्या गुडघ्याची एवढी चिंता होती, हे मला नव्यानंच कळत होतं!

दीड तास झाला. ऊन डोक्यावर आलं. माझं नवंकोरं टक्कल तापून चटके बसायला लागले. भटजींना दुसरीकडं आणखी एका दहाव्याला जायचं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात तशी सोय आहे."

"गवताचा कावळा?" तात्या भडकले. "माज्या भावानं जल्मात पालेभाजी खाल्ली न्हाय, आन त्याला गवताचा कावळा? जमनार न्हाय!"

एवढं बोलून तात्या माझ्याकडं टक लावून बघू लागले. मला कळलं काय येणार ते.

"दत्तू, त्ये तुजं सोंग. बापाला आवडत नव्हतं. त्ये सोडतो म्हन."

"व्हय की!" मागून दोन-चार आवाज आले. "त्येच आसंल. म्हन, म्हन!"

तात्यांना ते सोंग होतं. माझ्याकडं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. टाइम ऑफिसात मला 'ए, खिडकी नंबर दोन' म्हणत. मांडवात उभा राहिलो की मात्र मी कुणीतरी असायचो. आणि तिथंही मी कोण असायचो? आबाच! बापाचं सोंग काढल्याशिवाय मला कुणी ओळखत नव्हतं, आणि आता बापासाठीच ते सोडायचं होतं. पुढच्या पंधरवड्यात बार्शीचा कार्यक्रम ठरलेला होता, हेही आठवलं. (अशा वेळी काय आठवावं याला काही धरबंध नसतो.) पण दीड तास माझा बाप उपाशी बसलाय, अशा नजरेनं सगळे माझ्याकडं बघत होते. मी हात जोडले.

"आबा, सोडतो. आजपासून कार्यक्रम बंद."

आणि कावळा उतरला!

घाटावर कुणी श्वास घेईना. कावळा एकेक पाऊल टाकत आला. पिंडापासून वीतभर अंतरावर थांबला. मान तिरकी करून त्यानं भाताकडं बघितलं, विडीकडं बघितलं, माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, आणि वळून सरळ शेजारच्यांच्या पत्रावळीवर गेला.

सगळे हळहळले. मलाही वाईट वाटलं, असं इथं लिहायला पाहिजे. पण खोटं कशाला बोलू? मला आधी बरं वाटलं. आणि मग, बरं वाटलं याचं इतकं वाईट वाटलं की मान वर करवेना.

तेवढ्यात बायकांतून आई उठून आली. दहा दिवसांत ती 'हं' आणि 'हूं' यापलीकडं बोलली नव्हती.

"काय सोडलंस तू?" तिनं विचारलं.

"कार्यक्रम."

"का?"

"आबांना आवडत नव्हता."

"त्यास्नी काय आवडत हुतं ह्ये तुला काय म्हाईत?" आई म्हणाली. "दर गनपतीला मागच्या पानपट्टीपाशी तोंडाला टावेल गुंडाळून उभं ऱ्हायचं. घरी आलं की मला बसवून समदं करून दावायचं."

"काय करून दाखवायचे?"

"तू त्यांचं करतोस न्हवं का? तसं त्ये तुजं करायचं. 'दत्त्या माजं करताना हात असा हालवतोय बघ. मी कवा असा हात हालवतो गं?' म्हनायचं, आन तसाच हात हालवायचं. हसून हसून पोट दुकायचं माजं."

मांडवातून परत आल्यावर मी बाहेरच्या खोलीत अंथरुणावर पडायचो आणि आतून आईच्या हसण्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, माझ्या अवताराला हसतायत.

"मग मला कधी बोलले का नाहीत?"

"बापानं पोराला आसं सांगायचं आसतंय व्हय?" आई म्हणाली. मग म्हणाली, "कर की त्ये. हितंच कर. दहा दीस झालं, त्यो आवाज कानावर न्हाय."

"अहो बाई, हे असं ठिकाण…" भटजींनी सुरुवात केली.

"तुमी गप बसा जरा," आई म्हणाली. भटजी बसले.

मग मी उभा राहिलो. घाटावर, टक्कल करून, ओल्या पंच्यात. पहिली दोन वाक्यं तर टाइम ऑफिसात हजेरी वाचल्यासारखी गेली. कुणी हसलं नाही. (दहाव्याला कुणी हसलं नाही म्हणून मला राग आला, यावरून माझी जात ओळखा!) मग मिठाची गोष्ट आली आणि न्हावी वस्तरा पुसता पुसता फिसकन हसला. झालं! एक हसला की बाकीच्यांचा बांध फुटतो. सुशीनं तोंडात पदर कोंबला. भटजींनी पंचांग तोंडापुढं धरलं आणि पंचांग हलायला लागलं. शेजारचे विणकर आपलं दहावं सोडून आमच्याकडं सरकले. तात्या बराच वेळ कपाळाला आठ्या घालून बसले होते; पण आबा न्हाव्याशी भांडतात तिथं त्यांनीही दगडावर हात आपटला. "आसाच! आगदी आसाच हुता दादा!"

आणि त्या गडबडीत एक कावळा आमच्या पिंडाशी येऊन बसला.

सुशीनं मला खुणा केल्या. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं. कावळा पत्रावळीवर चढला होता. भाताकडं चोच खाली जात होती. दोन बोटांचं अंतर! आणि नेमका माझ्या गोष्टीचा शेवट आला. शहाणा माणूस गप्प बसला असता. पण एवढा जमाव हसत हसत शेवटाशी येऊन ठेपलाय आणि कलाकार थांबला, असं अजून झालेलं नाही. मी छाती भरून श्वास घेतला.

"ह्ये पावणं जानार कवा?"

घाटावरचे सगळे कावळे उडाले. आमचा उडाला, शेजाऱ्यांचे उडाले, तळ्यापलीकडच्या झाडांवरचे, ज्यांचा आमच्याशी काही संबंध नव्हता, तेसुद्धा उडाले. काठावर चरणाऱ्या शेळ्या चौखूर सुटल्या.

"आलेला बाप हाकललास की रं!" तात्या किंचाळले. मग त्यांच्या डोक्यात आणखी काहीतरी शिरलं. "आन पावणं म्हंजे कोन? मला म्हनतोस व्हय?"

पण मी ऐकत नव्हतो. माझी आरोळी किल्ल्याच्या भिंतीवर आपटून परत आली होती. गेली ती माझी होती. परत आली ती आबांची. पाण्यावरून, लांबून, अगदी त्यांची. त्यानंतर सगळीकडं शांत झालं. आणि मला कळलं की आता हा आवाज मी काढला तरच निघणार. आतून कुणी मीठ मागणार नाही.

मी रडलो. भोकाड पसरून रडलो. माझं रडणंही आबांच्याच पट्टीतलं निघालं, त्यामुळं ते लपण्यातलं नव्हतंच! पायऱ्यांवर बसून, पंचा तोंडात धरून मी हंबरडा फोडत होतो, आणि शेजारच्या विणकरांतला एक म्हातारा भारावून उभा राहिला, टाळ्या वाजवल्या आणि ओरडला, "अय्यो! वन्स मोअर!"

आई माझ्याजवळ बसली. तिनं माझं टक्कल छातीशी धरलं.

"रड," ती म्हणाली. "त्ये बी रडायचं."

"आबा?"

"आत यिऊन कांदा चिरायचं. कुनी बगितलं तर कांद्यानं पानी आलं म्हनायचं. तुजा हात मोडला हुता न्हवं का, त्या दिशी दोन शेर कांदा चिरला त्येंनी. आठवडाभर आपन नुसता कांदाच खाल्ला."

ते कांदे मला चांगले आठवत होते. कांद्याची भाजी, कांद्याचं पिठलं, भाकरीबरोबर परत कांदा. मोडका हात गळ्यात बांधून मी नाक मुरडत ते खाल्ले होते, आणि आबा माझ्यावर ओरडले होते, "गडी मानसानं खाताना कुरकुर करू ने!" आता ते आठवून मी आणखी दोन शेरांचा रडलो.

रडणं ओसरल्यावर सुशी ओरडली, "भात! भात कुटं गेला?"

पिंडांच्या जागी थोडी शितं उरली होती. बाजूला एक शेळी उभी होती आणि तिच्या तोंडातून पत्रावळीचा तुकडा लोंबत होता. सगळ्यांनी भटजींकडं बघितलं. भटजींनी उन्हाकडं बघितलं.

"कावळाच शिवला," भटजी पंचांग बगलेत मारत म्हणाले. "मी पाहिला."

"आवो, पत्रावळ शेळीच्या तोंडात हाय!" तात्या म्हणाले.

"पत्रावळ शेळीनं खाल्ली. भाताला त्याआधी कावळा शिवला. यजमान, स्नान करून घ्या." भटजी पायऱ्या चढून गेलेसुद्धा.

आबांचं समाधान झालं की नाही, आणि झालं असेल तर कशानं झालं, हे आमच्यात कुणालाच कळलं नाही. तात्यांचं मत ठाम होतं की बाळ्याच्या नोकरीवर झालं. आईनं पदरानं माझं तोंड पुसलं, आणि दहा दिवसांत पहिल्यांदाच मला मोकळं वाटलं.

तेवढ्यात तो विणकर म्हातारा लगबगीनं आमच्याकडं आला.

"लई झकास केलं हो," तो हात जोडून म्हणाला. "आमचा मोठा भाऊ गेला. त्यो बी आसाच वरडायचा. दहा दिवसांत आज हासलो बगा. आमच्या तेराव्याला येता का? आसंच्या आसं पायजे. शेवटी रडता न्हवं का, त्ये बी पायजे. त्ये गाळू नका."

"आवो, त्यानं आत्ताच बापाम्होरं समदं सोडलंय!" तात्या मध्ये पडले.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं.

"आमचंही तेरावं त्याच दिवशी आहे," मी घोगऱ्या आवाजात म्हणालो.

"मग तुमची पंगत उठल्यावर या की. चारला."

बापापुढं हात जोडून शपथ घेतल्याला अजून पुरता तास झाला नव्हता. डोळे सुजले होते, नाक वाहत होतं. मी पंच्यानं नाक पुसलं आणि विचारलं, "लाऊडस्पीकर आहे का?"